आईनं ऐकलेली हॅरिएट जेकब्ज

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आषाढात झालं आणि डाव्याचं त्यानंतर तीन आठवड्यांनी. म्हणजे दोन्ही मिळून जवळपास दोन महिने मशीनवर बसायचं नाही, सुईत दोरा ओवायचा नाही, खाली वाकायचं नाही. इचलकरंजीत चाळीस वर्षं जिनं लोकांचे ब्लाउज शिवले, साड्यांना फॉल-पिको केलं, तिला हे सांगितलं तेव्हा ती काहीच बोलली नाही. घरी आल्यावर काळा चष्मा लावून मशीनशेजारच्या कॉटवर बसली आणि मशीनच्या कव्हरावरून हात फिरवत राहिली. चौथ्या दिवशी म्हणाली, "काय तरी मोठ्यानं वाच गं. पोथी नको. एखाद्या बाईचं वाच."

त्या दिवसांत मी हॅरिएट जेकब्जचं आत्मचरित्र वाचून संपवत आले होते. अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मलेल्या बाईनं स्वतः लिहिलेलं, १८६१ साली बोस्टनमध्ये छापलेलं. तिथवर मी पोचले ती जोतीरावांमुळे. 'गुलामगिरी' निघालं १८७३ मध्ये. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्यानं संपून तेव्हा आठ वर्षं झाली होती, आणि जोतीरावांनी ते पुस्तक अर्पण केलं तिथल्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांना सोडवण्यासाठी निरपेक्षपणे झीज सोसली. कॉलेजात असल्यापासून ती अर्पणपत्रिका मी कितीदा वाचली असेल. यंदा वाचताना मनात आलं, की सोडवणाऱ्यांपैकी चार नावं तरी मला माहीत आहेत. जे सुटले त्यांच्यातल्या एकाचंही पुस्तक मी वाचलेलं नाही. बाईचं तर नाहीच. म्हणून शोधलं.

जेवणं उरकली, आईच्या डोळ्यांत थेंब टाकले, की मी मोबाइल घेऊन कॉटच्या कडेला बसायची आणि इंग्रजीतलं वाक्यावाक्यानं मराठीत सांगत जायची. एकेचाळीस प्रकरणं. रोज एक, लहान असली तर दोन.

पहिल्याच रात्री अडलं ते 'मालक' ह्या शब्दापाशी. "तिच्या आईचा मालक म्हंजे तिचा बाप न्हवं?" आईनं विचारलं. आमच्याकडे बाया नवऱ्याला 'आमचं मालक' म्हणतात. यंत्रमागाचा कारखानदारही मालकच. 'धनी' म्हणावं तर तोही नवराच. माणूस विकत घेणाऱ्या माणसासाठी एक वेगळा शब्द हवा होता आणि तो माझ्याकडे नव्हता. शेवटी ह्या गोष्टीतल्या मुख्य माणसाला त्याच्या पेशावरून 'डॉक्टर' म्हणायचं ठरलं. पुस्तकात त्याचं नाव डॉ. फ्लिंट, खरं नाव डॉ. जेम्स नॉरकॉम. हॅरिएटनं पुस्तकात सगळ्यांची नावं बदलली आहेत, स्वतःचंसुद्धा. तिथे ती लिंडा ब्रेंट.

'गुलाम' म्हटलं की आईच्या डोळ्यांपुढे पत्त्यातला गुलाम. बाईसाठीचा शब्द मात्र तिनंच काढून दिला: बटीक. "मी काय तुमची बटीक हाय व्हय?" हे मी लहानपणापासून तिच्या तोंडून ऐकत आले आहे. मी तिला सांगितलं, की पेशवाईत कुणबिणी, म्हणजे दासी, खरोखर विकत घेत, देत. दप्तरांत त्यांच्या किमती लिहिलेल्या आहेत. आई जरा वेळ गप्प राहिली.

"आन् त्यांनी स्वतः काय लिवलं?"

"त्यांना कोण शिकवणार लिहायला?"

"मग हिला कोणी शिकवलं?"

हॅरिएटचा जन्म १८१३ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या एडेंटन ह्या बंदराच्या गावातला. बाप सुतार, कसबी. आई ती सहा वर्षांची असताना गेली, आणि तोवर आपण कुणाच्या तरी मालमत्तेत मोडतो हे पोरीला ठाऊकच नव्हतं. नंतर ती राहिली आईच्या मालकिणीकडे. त्या बाईनं तिला वाचायला शिकवलं आणि शिवायलाही. 'शिवायला' म्हटल्याबरोबर आई उशीला टेकलेली होती ती सरळ बसली. हॅरिएट बारा वर्षांची होते न होते तोच ही मालकीण वारली. पोरीला आशा होती, बाई जाताना आपल्याला मोकळं करतील. मृत्युपत्र उघडलं तर तिला बहिणीच्या मुलीच्या नावे लिहून ठेवलेलं. ती मुलगी पुस्तकात पाच वर्षांची आहे. तिचा बाप म्हणजे डॉक्टर.

"भाचीला कपाट दिल्यागत," आई म्हणाली.

हॅरिएटची आजी आईला फार आवडली. दिवसभर आपल्या मालकिणीच्या, म्हणजे हॅरिएटच्या मालकिणीच्या आईच्या, घरचं राबून रात्री सगळे झोपल्यावर ही बिस्किटं भाजायची आणि गावात विकायची. पोरांना विकत घेऊन सोडवायचं म्हणून पै-पै साठवायची. तीनशे डॉलर साठले. मालकिणीनं ते 'लवकर देते' म्हणून उसने घेतले आणि त्यातून घरात चांदीचं मेणबत्त्यांचं झाड आलं. गुलामाला दिलेला शब्द किंवा कागद कायद्यापुढे टिकत नसे, तेव्हा लिहून घेण्याचा प्रश्नच नव्हता. मालकीण वारली, जावई म्हणून व्यवहार डॉक्टरकडे आले. त्यानं सांगितलं, इस्टेट बुडीत आहे, पैसे देता येणार नाहीत. चांदीचं झाड मात्र ठेवून घेतलं.

"किती म्हणालीस?"

"तीनशे."

आई हिशोबाची पक्की आहे. कुणाच्या किती ब्लाउजांचे पैसे राहिलेत हे तिच्या वहीत नसतं, डोक्यात असतं.

मालकिणीनं मरताना आजीला मोकळं करायचं कबूल केलं होतं. डॉक्टरनं तेही मोडलं, पण भरबाजारात विकलं तर लोक नावं ठेवतील म्हणून गुपचूप सौदा करू पाहिला. लिलावाच्या दिवशी आजी आपणहून चौथऱ्यावर चढून उभी राहिली. सगळ्या गावानं तिची बिस्किटं खाल्लेली. कुणी बोली लावेना. शेवटी मेलेल्या मालकिणीची म्हातारी बहीण पुढे आली, पन्नास डॉलर म्हणाली, तिच्यावर कुणी चढवलं नाही, आणि त्या बाईनं आजीला मोकळं केलं. हे ऐकताना आई रडली. डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही म्हणून मी धास्तावले, ती म्हणाली, "येऊ दे. औषधच हाय."

पाचव्या प्रकरणापासून डॉक्टर त्या पोरीच्या कानाशी लागायला लागतो. पंधरा वर्षांची ती, तो तिच्यापेक्षा कितीतरी मोठा. हात लावत नाही, पण घाण बोलतो, चिठ्ठ्या देतो, बाहेर हवेवर गेली तरी, आईच्या कबरीपाशीसुद्धा पाठ सोडत नाही. डॉक्टरच्या बायकोला सगळं कळतं आणि ती राग काढते पोरीवर. मी सांगत होते. आई चष्म्याआडून भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "त्या कारखान्यातला मुकादम आसाच बोलायचा. कापड तपासतो म्हणून मागं येऊन हुबा ऱ्हायाचा."

आई लग्नाआधी एका शिलाई कारखान्यात जायची हे मला माहीत होतं. दोनच महिन्यांत काम सोडलं, बसची वेळ जुळत नव्हती म्हणून, असं आमच्या घरात सांगितलं जायचं. मी काही विचारायच्या आत तिनंच पुढचं वाक्य बोललं.

"मी सोडलं. मला सोडता आलं. ही कुठं जाणार?"

मी एरवी लगेच बोलले असते, की बघ, जगात सगळीकडे बायकांचं असंच. ते वाक्य ओठावर आलं होतं. आईनं ते येऊ दिलं नाही. तिला मुकादम आठवला, आणि मुकादम आणि डॉक्टर ह्यांच्यातलं अंतरही तिनंच दाखवलं. हॅरिएटकडे राजीनामा नव्हता. पळून गेली असती तर ती चोरी ठरली असती, स्वतःलाच चोरून नेल्याची.

त्यानंतरच्या एका प्रकरणात माझं चुकलं. डॉक्टर गावाबाहेर तिच्यासाठी एक घर बांधायला काढतो. तिथे गेलं की संपलंच, हे तिला कळतं. तेव्हा ती गावातल्या एका अविवाहित गोऱ्या वकिलाशी संबंध ठेवते. खरं नाव सॅम्युएल सॉयर. प्रेमात आंधळी होऊन नाही. तिनं सरळ लिहिलंय, की आपण हे समजून-उमजून केलं: दुसऱ्याचं मूल झालं तर डॉक्टर चिडून आपल्याला विकेल, वकील विकत घेईल, आणि मुलांना सोडवता येईल. कायदा असा होता, की मूल आईच्या मागे जायचं. बाप कुणीही असो, गुलाम बाईचं मूल गुलाम. ती वाचणाऱ्या बायकांची क्षमा मागते, आणि त्याच दमात म्हणते, की गुलाम बाईला तुमच्या मापानं मोजू नका.

मला हे आईला सांगायला जड गेलं. खरं तर पहिल्यांदा मनात वाचताना मलाच ते पटलं नव्हतं. मी गाळलं. म्हणाले, "मग तिचं एका वकिलावर मन बसलं."

"आसंच लिवलंय?"

"म्हणजे... साधारण."

"साधारण नको. तिनं जसं लिवलंय तसं सांग."

मी मागे जाऊन सगळं प्रकरण शब्दाशब्दानं सांगितलं. आई शेवटी एवढंच म्हणाली, "डोकं चाललं पोरीचं त्या वयात." तिला त्यात क्षमा करण्याजोगं काही दिसलंच नव्हतं.

१८३५ साली हॅरिएट पळाली. दोन लेकरं पदरात होती. डॉक्टर मुलांनाही मळ्यावर नेऊन कामाला जुंपणार हे कळलं, आणि तिनं ताडलं की आपण नाहीशा झालो तर तो मुलांना विकून टाकेल. तसंच झालं, आणि मुलांच्या बापानं आडून त्यांना विकत घेतलं. मुलं पणजीच्या घरी आली. हॅरिएट आधी ओळखीच्या घरांत लपली, मग सापांनी भरलेल्या दलदलीत, आणि शेवटी आजीच्याच घराला लागून असलेल्या कोठीच्या माळ्यावर. नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि उतरत्या छपराखाली सर्वांत उंच जागी तीन फूट. मामानं, तोही सुतार, कोठीतून वर जायला चोरदार करून दिलं. उजेड नाही, वारा नाही. अंगावरून उंदीर जायचे. उन्हाळ्यात छपराच्या पातळ फळ्यांतून भाजायचं, पावसात अंथरूण भिजायचं, थंडीत पाय गोठायचे. दुसऱ्या हिवाळ्यात तिचा चेहरा आणि जीभ ताठ होऊन वाचा गेली होती. अशी ती राहिली जवळजवळ सात वर्षं.

इथे मी पहिल्यांदा वाचताना थांबले होते. सात वर्षं? तीन फुटांत? खाली मुलं खेळतायत आणि त्यांना पत्ता नाही? मनात आलं होतं, की थोडं वाढवून लिहिलं असेल. आणि मी लगेच दुपारच्या सुटीत ऑफिसात बसून पुरावे शोधायला लागले होते.

पुरावे आहेत. हे पुस्तक विसाव्या शतकात बराच काळ कादंबरी समजलं जात होतं. लिडिया मारिया चाइल्ड ह्या गोऱ्या लेखिकेनं त्याचं संपादन केलं होतं. तिनंच लिहिलं असणार, असं अभ्यासक धरून चालले. पुढे जीन फेगन येलिन ह्या अभ्यासक बाईंनी हॅरिएटची पत्रं शोधून एकेक माणूस, एकेक घर जुळवलं, आणि १९८७ मध्ये, लेखिका मरून नव्वद वर्षं झाल्यावर, सगळ्या टिपांसह नवी आवृत्ती निघाली. नॉरकॉमनं १८३५ मध्ये वर्तमानपत्रात दिलेली जाहिरातही आहे: पकडून देणाऱ्यास शंभर डॉलर. तिची उंची, केस, बोलण्यातली सफाई, सगळं त्यात आहे.

आणखी एक गोष्ट त्या शोधात कळली. हॅरिएटनं सुटल्यावर आधी हॅरिएट बीचर स्टोव ह्या नामांकित लेखिकेची मदत मागितली होती. स्टोवबाईंनी तिची हकिगत ती जिच्याकडे कामाला होती त्या मालकिणीला पाठवली आणि विचारलं, हे खरं आहे का? मालकिणीला तोवर मुलांच्या बापाबद्दलचं काही ठाऊक नव्हतं. हॅरिएटला ते फार लागलं. मग तिनं स्वतःच लिहायला घेतलं, १८५३ पासून पुढची चार-पाच वर्षं, दिवसभर त्या घरची मुलं सांभाळून रात्री. प्रकाशकाचं दिवाळं निघालं तेव्हा छपाईचे ठसे विकत घेऊन पुस्तक स्वतः काढलं.

हे सगळं मी आईला मोठ्या उत्साहानं सांगितलं, की बघ, सिद्ध झालंय.

"तुला खरं वाटलं नव्हतं?" ती म्हणाली.

मी गप्प.

"मला वाटलं व्हतं. ते गिरमिटाचं."

हो, गिरमिट. हॅरिएटनं लिहिलंय, अंधारात एकदा डोक्याला काहीतरी लागलं, चाचपलं तर गिमलेट. मी तो शब्द 'भोकं पाडायचं हत्यार' असा सांगायला गेले आणि आईनं तिथल्या तिथे 'गिरमिट' म्हणून टाकलं. मामा काम करताना ते फळीतच विसरला होता. हॅरिएटनं त्यानं रस्त्याच्या बाजूला भोकांच्या तीन ओळी पाडल्या, मधलं लाकूड काढून टाकलं, आणि इंचभर लांब-रुंद झरोका केला. त्यातून तिला पहिला कोण दिसला असेल, तर डॉक्टर. मग मुलं दिसली. आणि त्या उजेडाला बसून तिनं शिवायला घेतलं. नाताळाला मुलांना नवे कपडे आणि खेळणी मिळाली ती तिच्या हातची.

"खोटं लिवणारी आसती तर भोक पाडून रडत बसली आसती," आई म्हणाली. "हिनं शिवण काढलं. बोटभर उजेडात धावदोरा घालता येतो गं, हाताला कळतं. काळ्या कापडावर काळा दोरा तेवढा जमत न्हाई." मग थोड्या वेळानं, "मान मोडली आसंल पण. तीन फुटांत मान कशी धरली आसंल?" आणि बसल्या बसल्या तिनं मान खाली घालून, कोपर पोटाशी घेऊन, हातात कापड असल्यासारखं करून बघितलं.

ज्या रात्री पत्रांचं प्रकरण आलं त्या रात्री आई खूप दिवसांनी मोकळी हसली. हॅरिएट माळ्यावर बसून डॉक्टरला पत्र लिहिते, न्यूयॉर्कहून आल्यासारखं. रस्त्याचं नाव बरोबर पडावं म्हणून न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राचा एक तुकडा मिळवते, आणि एका विश्वासू माणसाकरवी पत्र तिकडून टपालात टाकवते. डॉक्टर ते पत्र घेऊन आजीकडे येतो. पण वाचून दाखवतो ते वेगळंच, त्यानं स्वतः लिहिलेलं, की लिंडा पस्तावलीय, परत यायचं म्हणते. ती दडून ऐकतेय. आई हसत होती आणि मला मात्र पुढचं वाचवेना. दुसऱ्याच्या पत्रात आपल्या सोयीचं घालून वाचून दाखवणारा तो, आणि दहा दिवसांपूर्वी "तिचं मन बसलं" असं सांगणारी मी. मी आईला तसं म्हणाले. ती म्हणाली, "तू परत सांगितलंस की. पुढं वाच."

१८४२ मध्ये जहाजानं निघायची वेळ आली तेव्हा तिचा मुलगा, पुस्तकातला बेनी, आईला भेटतो आणि सांगतो, तू इथे आहेस हे मला माहीत होतं. एकदा वळचणीखाली उभा असताना वरून खोकल्याचा आवाज आला होता. तो कुणाला बोलला नव्हता, पणजीलाही नाही. दुसरी मुलं त्या बाजूला खेळायला लागली की त्यांना भुलवून दुसरीकडे न्यायचा. हे सांगून झालं आणि मी पाणी प्यायला उठले. परत आले तर आई म्हणाली, "आज पुरे."

शेवटची प्रकरणं उत्तरेतली. फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, दाई म्हणून काम, १८५० चा पळालेल्यांना पकडून परत देण्याचा कायदा, पुन्हा लपणं. डॉक्टर मेला तरी त्याची मुलगी आणि जावई मागावर होतेच. हॅरिएटनं ठरवलं होतं, की मला विकत घेऊन कुणी सोडवायचं नाही. मी वस्तू नाही, मग किंमत कसली? पण १८५२ मध्ये जिच्या घरी ती कामाला होती त्या बाईनं तिला न विचारता डॉक्टरच्या जावयाला पैसे देऊन टाकले. हॅरिएट त्या बाईचे उपकार मानते, तिच्यावर तिचा जीव आहे, आणि तरीही लिहिते, की शेवटी मी विकली गेलेच. न्यूयॉर्कसारख्या स्वतंत्र म्हणवणाऱ्या शहरात बाई विकली गेली, त्याची पावती जपून ठेवण्यासारखी आहे, असं ती म्हणते.

तोवर डाव्या डोळ्याचे थेंबही दिवसातून एकदावर आले होते. श्रावण संपत आला होता. मी शेवटचं पान सांगून झाल्यावर तिचं पुढचंही थोडं सांगितलं: युद्धाच्या काळात व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाला जाऊन सुटून आलेल्या माणसांसाठी काम केलं, १८६४ मध्ये तिथे तिच्या नावाची शाळा निघाली, १८९७ मध्ये वॉशिंग्टनला वारली. आई ऐकत होती, पण तिचं लक्ष मागेच राहिलं होतं.

"पैसे किती दिलं म्हणालीस त्या बाईनं?"

"तीनशे डॉलर."

"म्हातारीचं बुडवलं तेवढंच."

पुस्तक मी एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं, असं दोनदा वाचलं होतं. मला ते दिसलं नव्हतं. मी पहिल्या प्रकरणाकडे परत गेले, आकडा पुन्हा बघितला. तीनशे.

"आन् ते चांदीचं झाड?" आईनं विचारलं. "त्याचं काय झालं पुढं?"

मी तिथलंच वाक्य वाचलं. हॅरिएटनं लिहिलंय, की ते त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत राहील असं मला वाटतं.

आईनं काळा चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"म्हंजे आजूनबी कुणाच्या तरी घरात आसंल," ती म्हणाली.